'कॅन्सर बरा होतो' असं लेबलावर छापलं, तरी कोर्ट म्हणालं हा गुन्हा नाही

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री १०.४०

मागच्या आषाढात अप्पांनी (माझे वडील, वय ७४) घरात कुणाला न सांगता इन्सुलिन बंद केलं. आठवडे बाजारात गाडीवर भोंगा लावून एक चूर्ण विकायला आलं होतं. 'साखर मुळापासून जाते, सुई कायमची सुटते.' अप्पांनी तीन डबे घेतले. अठराव्या दिवशी ते बेशुद्ध झाले. वाचले, पण आधीपासून चिघळलेल्या डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. डबा अजून माझ्या कपाटात आहे.

मी स्वतः फार्मासिस्ट आहे, त्यामुळे हे जास्त लागलं. रागाच्या भरात वाचायला लागले की लेबलावर खोटं छापणाऱ्याला कायद्याने नक्की कसं पकडतात. वाचता वाचता शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत जाऊन पोचले. तिकडच्या सरकारने १९०६ च्या कायद्याखालच्या खटल्यांचे निकाल छोट्या छोट्या टिपणांत छापून ठेवलेत आणि ते आज नेटवर मोफत बघायला मिळतात. अशी हजारो टिपणं आहेत. प्रत्येकात एखादी बाटली, तिचं लेबल, आत प्रत्यक्षात काय निघालं, आणि दंड किती.

आधी शब्दाबद्दल. ही 'पेटंट औषधं' म्हणवली जायची, पण बहुतेकांना पेटंट कधी नव्हतंच. पेटंट हवं तर बाटलीत काय आहे ते सरकारला लिहून द्यावं लागतं, आणि विकणाऱ्यांना तेच नको होतं. ते नोंदवायचे फक्त नाव, बाटलीचा आकार आणि लेबलावरचं चित्र. आतला माल उद्या बदलला तरी कुणी विचारणार नाही. पेरुना नावाच्या टॉनिकात पावाहून जास्त अल्कोहोल होतं. दात येणाऱ्या तान्ह्यांना शांत करायला मिसेस विन्स्लो यांचं सिरप मिळायचं, त्यात मॉर्फिन. बाळ रडायचं थांबायचं आणि आई दुकानदाराला दुवा द्यायची. काही बाळं पुन्हा उठलीच नाहीत.

१९०५ मध्ये सॅम्युएल हॉपकिन्स अ‍ॅडम्स या पत्रकाराने कोलिअर्स साप्ताहिकात या धंद्यावर लेखमाला लिहिली. सरकारी रसायनशास्त्रज्ञ हार्वे वायली वर्षानुवर्षं कायदा मागत होतेच. ३० जून १९०६ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शुद्ध अन्न आणि औषध कायद्यावर सही केली. त्याने अफू, मॉर्फिन, कोकेन, हेरॉइन, अल्कोहोल यांवर बंदी घातली नाही, हे लक्षात घ्या. असं काही बाटलीत असेल तर किती आहे ते लेबलावर छापा, एवढीच सक्ती. आणि लेबलावरचं विधान खोटं किंवा दिशाभूल करणारं असेल तर माल 'मिसब्रँडेड', म्हणजे खोट्या लेबलाचा.

पहिला गाजलेला खटला १९०८ चा, वॉशिंग्टनमधला. डोकेदुखीवरच्या त्या औषधाचं नाव होतं 'क्युफरहेडेक ब्रेन-फूड'. लेबल म्हणायचं की हे निरुपद्रवी आहे, मेंदूचं खाद्य आहे. आत अ‍ॅसिटॅनिलाइड निघालं, ज्याने हृदय दगा देऊ शकतं. विकणारा दोषी ठरला, ७०० डॉलर दंड झाला. रूझवेल्टना तो तुरुंगात जायला हवा होता.

आता शीर्षकातला खटला. कॅन्सस सिटीचा जॉन्सन नावाचा एक डॉक्टर 'कॅन्सरसाठी सौम्य मिश्र उपचार' अशा नावाच्या गोळ्या विकायचा. कॅन्सर बरा होतो, असं लेबलच सांगत होतं. गोळ्या कुचकामी आहेत आणि त्याला स्वतःलाही ते माहीत आहे, असा सरकारचा आरोप होता. २९ मे १९११ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि जॉन्सन सुटला. न्यायमूर्ती होम्स यांचं म्हणणं असं की, कायद्यातलं 'खोटं विधान' म्हणजे वस्तू कोणती आहे याबद्दलचं खोटं, म्हणजे आत काय आहे, फार तर किती शुद्ध, किती तीव्र आहे एवढंच. औषधाने गुण येतो की नाही हा मतांचा प्रांत, तिथे या कायद्याने शिरायचं नाही. म्हणजे अल्कोहोलचा टक्का चुकीचा छापलात तर तुम्ही गुन्हेगार, आणि मरणाऱ्याला 'बरा होशील' छापलंत तर ते तुमचं मत!

तिघा न्यायमूर्तींना हे पटलं नाही. त्यांच्या वतीने ह्यूज यांनी लिहिलं. त्यांचा मुद्दा साधा होता : एखादी वस्तू निरुपयोगी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक असेल, तर तिथे मताचा प्रश्न उरत नाही, ते धडधडीत खोटं आहे. हे मत मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना अप्पांचा डबा टेबलावर ठेवला होता.

महिन्याभरात राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी काँग्रेसला (म्हणजे तिकडच्या संसदेला) दुरुस्ती करायला सांगितलं आणि ऑगस्ट १९१२ मध्ये शर्ली दुरुस्ती झाली. गुणाबद्दलची खोटी विधानंही आता गुन्हा ठरली. पण तिथे एक शब्द घुसला. विधान नुसतं 'खोटं' असून भागणार नाही, ते 'खोटं आणि कपटाचं' असलं पाहिजे. म्हणजे विकणाऱ्याच्या मनात फसवण्याचा हेतू होता हे सरकारने सिद्ध करायचं. त्याने 'माझा मनापासून विश्वास होता' म्हटलं की खटला लंगडा.

पुढची २६ वर्षं या एका शब्दापायी किती माणसं गेली असतील! बाकीचं प्रतिसादांत लिहिते. तुम्हाला आपल्याकडच्या कायद्याबद्दल माहिती असेल तर जरूर लिहा, मला ती खरंच हवी आहे.

दवणा | मंगळवार, रात्री ११.०५

ताई, वाचून पोटात कालवलं. आता अप्पा कसे आहेत? आमच्याकडेही एसटी स्टँडच्या भिंतीवर मूळव्याधीपासून वंध्यत्वापर्यंत सगळ्याची पोस्टरं असतात. फोन नंबर मोठा आणि विकणाऱ्याचा पत्ता नाहीच.

'स्नेक ऑइल' हा शब्द याच काळातला ना?

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री ११.३२

अप्पा आता बरे आहेत. काठी घेऊन चालतात. चिडले की त्या डब्याचं नाव काढू नका म्हणतात.

हो, त्याच काळातला. क्लार्क स्टॅन्ली १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात लोकांपुढे जिवंत साप कापून तेल काढून दाखवायचा. त्याचं लेबल संधिवात, दातदुखी, पाठदुखी, सगळ्यावर चालणारं. सरकारी प्रयोगशाळेने बाटली तपासली तर आत बहुतेक सगळं खनिज तेल, सुमारे एक टक्का चरबी (ती बहुधा गाईबैलांची), मिरचीचा अर्क, आणि कदाचित थोडा कापूर न् टर्पेंटाइन. सापाचा पत्ता नाही. त्याला दंड झाला २० डॉलर. बाटलीची किंमत होती ५० सेंट, म्हणजे चाळीस बाटल्यांत दंड वसूल.

पिंपळपार | बुधवार, सकाळी ७.१५

लेख आवडला, पण होम्स यांची बाजू मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. माझ्या आईचे गुडघे एका तेलाने खरंच हलके व्हायचे. डॉक्टर म्हणायचे त्यात काही नाही. उद्या एखादा अधिकारी ठरवणार का, आईला बरं वाटलं ते खोटं? वैद्यकातली मतं बदलतात. काल जे वर्ज्य होतं ते आज चालतं. मतांच्या भांडणात पोलीस नकोत, असं एखादा न्यायाधीश म्हणत असेल तर त्यात तथ्य आहे.

कृष्णाकाठ | बुधवार, सकाळी ८.५०

पिंपळपार, तुमच्या आईंच्या तेलाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मालिशने बरं वाटतं, खरंच वाटतं. अप्पांना मात्र त्या चूर्णाने 'सुई सोडा' सांगितलं. गुडघ्याला तेल लावणारीचं काही अडत नाही, इन्सुलिन सोडणाऱ्याकडे फार दिवस नसतात.

आणि 'बरं वाटलं' या साक्षीचं कोर्टात काय होतं त्याचं मला सगळ्यात अस्वस्थ करणारं उदाहरण बॅनबारचं. १९३० च्या दशकातली ही गोष्ट. बॅनबार हे मधुमेहावरचं औषध, हॉर्सटेल नावाच्या रानटी वनस्पतीचा अर्क. इन्सुलिन बाजारात येऊन तोवर दहा-एक वर्षं होत आली होती. खटल्यात कंपनीने गुण आलेल्या ग्राहकांची पत्रं पुढे केली. एफडीएच्या (तिकडच्या सरकारी अन्न-औषध खात्याच्या) लोकांनी त्याच पत्रलेखकांचे मृत्यूचे दाखले आणून शेजारी ठेवले. पत्र आणि दाखला, पत्र आणि दाखला. तरीही सरकार हरलं, कारण फसवायचा हेतू सिद्ध झाला नाही! शर्ली दुरुस्तीतला तो एक शब्द म्हणजे हा.

माजी_निरीक्षक | बुधवार, दुपारी १.२०

मी निवृत्त औषध निरीक्षक. ताईंनी विषय फार व्यवस्थित मांडलाय, दोन गोष्टी जोडतो.

पहिली. अमेरिकेत सरकार बरेचदा माणसावर नाही, मालावर दावा लावायचं. 'एकमन्स अल्टरेटिव्हच्या सात पेट्या विरुद्ध युनायटेड स्टेट्स' हे १९१६ च्या एका खटल्याचं नाव आहे. क्षयावर हमखास उतारा म्हणून ते औषध खपवलं जायचं. सर्वोच्च न्यायालयाने शर्ली दुरुस्ती वैध ठरवली, आणि निकाल लिहिला ह्यूज यांनी, म्हणजे १९११ मध्ये ज्यांचं मत अल्पमतात राहिलं होतं त्यांनीच. पाच वर्षांत त्यांचं म्हणणं न्यायालयाचं म्हणणं झालं.

दुसरी. १९३७ साली टेनेसीतल्या एका कंपनीने सल्फानिलामाइड हे जंतुसंसर्गावरचं औषध पातळ रूपात आणलं. द्रावक म्हणून वापरलं डायएथिलीन ग्लायकॉल. चव छान, रंग छान, विषारी आहे का ते कुणी तपासलं नाही. शंभराहून अधिक माणसं गेली, त्यात बरीच मुलं. विष विकलं म्हणून थेट पकडता येईल असं कलमच तेव्हा नव्हतं. मग सरकारने माल जप्त कसा केला? बाटलीवर 'एलिक्झिर' लिहिलं होतं. एलिक्झिर म्हणजे अल्कोहोलमधलं औषध, आणि यात अल्कोहोल नव्हतं, म्हणून लेबल खोटं. त्या एका शब्दावर देशभर निरीक्षक धावले आणि २४० गॅलनांपैकी बहुतेक माल परत मिळवला. त्यावर 'सोल्यूशन' छापलेलं असतं तर हाही आधार गेला असता. कंपनीला २६,१०० डॉलर दंड झाला. १९३८ चा नवा कायदा यातूनच आला : बाजारात आणण्याआधी सुरक्षितपणा दाखवा, आणि खोट्या लेबलासाठी हेतू सिद्ध करायची गरज नाही.

नोकरीतली माझी सवय अशी झाली की औषधाच्या आधी लेबल वाचायचं.

भायखळा_८६ | बुधवार, दुपारी ३.४४

डायएथिलीन ग्लायकॉल वाचलं आणि हात थबकला. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण दगावले, त्यातही हेच निघालं होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. मी तेव्हा त्याच भागात शिकत होतो. रोज पेपरात साक्षी यायच्या, चहाच्या टपरीवर लोक मोठ्याने वाचायचे. १९३७ मध्ये जे कळलं होतं ते ४९ वर्षांनी मुंबईत पुन्हा शिकावं लागलं.

वैद्य_कोकण | बुधवार, रात्री ९.०२

आयुर्वेदाचा वैद्य म्हणून लिहितो, कारण अशा धाग्यांवर शेवटी सगळा राग आमच्या शास्त्रावर निघतो.

आपल्याकडे 'पेटंट' शब्द अजून जिवंत आहे. औषध कायद्यातच (औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायदा) आयुर्वेदिक औषधांचे दोन प्रकार आहेत. एक शास्त्रोक्त, म्हणजे मान्य ग्रंथांतल्या पाठाप्रमाणे केलेलं : त्रिफळा, सितोपलादी, च्यवनप्राश. दुसरं 'पेटंट किंवा प्रोप्रायटरी', म्हणजे ग्रंथांतली द्रव्यं घेऊन कंपनीने स्वतः ठरवलेलं मिश्रण. डब्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, बघा. अमेरिकेसारखंच, इथेही 'पेटंट' म्हणजे शोधाचं पेटंट नव्हे.

चरकाने प्रमेहाला (मधुमेह याच गटातला) साध्य, याप्य, असाध्य असे प्रकार सांगितलेत. याप्य म्हणजे पथ्य-औषधाने आटोक्यात राहणारा, समूळ न जाणारा. 'मुळापासून जाते' असं डब्यावर छापणाऱ्याने तो ग्रंथ उघडलेलाच नाही.

पिंपळपार | बुधवार, रात्री ९.४०

वैद्यराज, नमस्कार. आणि ताई, बॅनबारचं वाचल्यावर माझं सकाळचं मत तसंच ठेवणं कठीण आहे. पण प्रश्न शिल्लक राहतो : गुण येतो की नाही हे प्रत्येक वेळी कोर्टात सिद्ध करत बसायचं का? साक्षी, तज्ज्ञ, वर्षं...

माजी_निरीक्षक | बुधवार, रात्री १०.२५

फार नेमका प्रश्न विचारलात. आपल्या १९५४ च्या औषधे आणि जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यातला खरा मुद्दा हाच आहे.

त्यात कलम ४ खोट्या दाव्यांचं आहे, तिथे खरंखोटं करावं लागतं. पण कलम ३ वेगळं आहे. सोबत रोगांची यादी आहे : कॅन्सर, मधुमेह, क्षय, मोतीबिंदू, अपस्मार, पक्षाघात, लठ्ठपणा, संधिवात वगैरे. या रोगांवर उपाय म्हणून औषधाची जाहिरात करायचीच नाही. दावा खरा की खोटा, हेतू काय, मत काय, काही विचारायचं नाही. होम्स ज्या प्रांतात शिरायला तयार नव्हते, त्या प्रांतात शिरायची गरजच ठेवली नाही.

हमदर्द दवाखान्याच्या खटल्यात याला आव्हान मिळालं, निकाल डिसेंबर १९५९ चा. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, अशा व्यापारी जाहिरातीला भाषणस्वातंत्र्याचं कवच नाही. मात्र यादीत वाटेल ते रोग नियमाने घालायचा सरकारचा मोकळा अधिकार आणि माल जप्तीचं कलम, दोन्ही काढून टाकलं. मग १९६३ मध्ये दुरुस्ती करून ते नीट बांधून परत आणलं, आणि गुन्हा दखलपात्र केला.

हडसनपार | गुरुवार, सकाळी ६.१०

न्यू जर्सीहून. इथे १९९४ च्या कायद्याने सप्लिमेंट (आहारपूरक गोळ्या-चूर्णं) औषधांपासून वेगळी काढली. ती बाजारात आणण्याआधी गुण येतो हे सिद्ध करावं लागत नाही. 'निरोगी साखरेला आधार देते' एवढं लिहिता येतं, 'मधुमेह बरा करते' लिहिता येत नाही, आणि खाली ओळ छापावी लागते की एफडीएने हे विधान तपासलेलं नाही. इंडियन ग्रोसरीत आई-बाबांबरोबर गेले की बाबा वरचं मोठं अक्षर वाचतात, मी खालची ओळ वाचून दाखवते.

कृष्णाकाठ | गुरुवार, सकाळी ९.३०

निरीक्षककाका, काल रात्री कपाटातून डबा काढून तुमच्यासारखं लेबल आधी वाचलं. डब्यावर मधुमेह हा शब्दच नाही! 'आयुर्वेदिक प्रोप्रायटरी औषध', घटकद्रव्यं, बॅच नंबर, तारीख, आणि 'संतुलित जीवनासाठी'. 'साखर मुळापासून जाते' हे डब्यात घातलेल्या गुलाबी पत्रकावर आहे, आणि 'सुई सुटते' हे फक्त भोंग्यावर होतं.

अमेरिकेतही नेमकं हेच झालं. १९०६ चा कायदा बाटली, खोकं आणि आतलं पत्रक यांनाच लागू होता, वर्तमानपत्रातल्या जाहिरातीला नाही. मग लेबलं सभ्य झाली आणि सगळं खोटं वर्तमानपत्रांत गेलं. तिकडच्या जाहिरातींवर धाक आला तो १९३८ मध्ये, व्हीलर-ली कायद्याने. माझ्या हातात काय उरलं मग?

माजी_निरीक्षक | गुरुवार, सकाळी १०.०५

बरंच उरलंय. १९५४ च्या कायद्यातली 'जाहिराती'ची व्याख्या वाचा : नोटीस, परिपत्रक, लेबल, वेष्टन, इतर कागद, आणि तोंडी केलेली किंवा प्रकाश, आवाज वा धूर यांनी केलेली घोषणा. गुलाबी पत्रक आलं. भोंगाही आला.

एक अडचण आधीच सांगतो, म्हणजे नंतर निराशा नको. औषध कायद्याखाली अ‍ॅलोपॅथीच्या औषधाबद्दल बाधित माणूस किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटना स्वतः खटला भरू शकते. आयुर्वेदिक औषधाच्या प्रकरणात त्या कायद्याखालचा खटला निरीक्षकच भरू शकतो, तोही वरची मंजुरी घेऊन. म्हणून तुमची लेखी तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात गेलीच पाहिजे. पोच घ्या. आणि आयुर्वेदिक चूर्णात गुपचूप ग्लिबेनक्लामाइडसारखी अ‍ॅलोपॅथीची साखर उतरवणारी गोळी कुटून घातल्याची प्रकरणं घडलेली आहेत, तेव्हा तपासणीची मागणी तक्रारीत स्पष्ट लिहा. न उघडलेला डबा असेल तर तो उघडू नका. उघडलेल्या डब्यावर विकणाऱ्याचा वकील पहिलं बोट ठेवतो. निरीक्षकाने दुकानातून नमुना घेतला तर तो चार भागांत सीलबंद होतो, एक विकणाऱ्याकडेच राहतो. तो नमुना कोर्टात टिकतो.

कृष्णाकाठ | गुरुवार, सकाळी १०.२०

तीन डब्यांपैकी तिसरा बंदच आहे. सील शाबूत.

दवणा | गुरुवार, दुपारी १२.४८

ताई, गुलाबी पत्रक, कोपऱ्यात सूर्याचं चित्र? ते माझ्या सासूबाईंच्या उशाखाली आहे. परवाच्या बाजारातलं. आत्ता फोटो काढून तुम्हाला पाठवते, बॅच नंबर बघा. त्यांनी गोळ्या अजून सोडलेल्या नाहीत, मी आत्ताच विचारून आले.

कृष्णाकाठ | गुरुवार, दुपारी १.१५

तोच नंबर. डबा उघडू देऊ नका. तुम्ही तुमच्या जिल्ह्यात तक्रार द्या, मी उद्या सकाळी माझ्या. दोन्ही अर्जांत एकमेकींचा उल्लेख करू. काका, मसुदा रात्री इथे टाकते, तेवढा बघाल का?

माजी_निरीक्षक | गुरुवार, दुपारी १.३१

बघतो. पत्रकावरचं वाक्य शब्दशः उतरवा, एक अक्षर इकडचं तिकडे नको. अप्पांच्या डिस्चार्ज कार्डाची प्रत जोडा, मूळ कागद घरीच ठेवा.